मयेकर मॅडमनी सांगितलं होतं

आमच्या आंबा बागायतदार संघाच्या कार्यालयात प्रिंटर अडकला की कोणीतरी म्हणतं, "मयेकर झालं." लाइट गेली, नेट बंद पडलं, आंब्याची गाडी घाटात बसली, तरी तेच. नव्या सभासदांना हा शब्द कुठून आला ते माहीतही नाही. यंदाच्या वार्षिक सभेत नवीन अ‍ॅप करण्याचा विषय निघाला, तेव्हा एक तरुण सभासद उठून म्हणाला, "करा, पण या वेळी मयेकर होऊ देऊ नका." सभागृह हसलं. माझ्या शेजारच्याने टाळीसाठी हात पुढे केला आणि मी टाळी दिली.

घरी आलो, जेवलो नाही, आणि हे लिहायला बसलो. मयेकर हे एका बाईचं आडनाव आहे. वैजयंती मयेकर. त्यांना संघात कामाला मी आणलं. मी तेव्हा अध्यक्ष होतो. त्यांच्या आडनावाचं असं ज्या प्रसंगाने झालं, त्यातली एक गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत आहे.

मयेकर मॅडम मूळच्या रत्नागिरीतल्याच मांडवीच्या. वडील बोटीवर होते. स्वतः त्यांची नोकरी मुंबईत, सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांनी बनवलेलं अ‍ॅप किंवा वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी ती कुठे मोडते हे शोधून काढायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून रत्नागिरीला आल्या, आई गेली, आणि त्या परत गेल्या नाहीत. घरी बसून मिळतील ती कामं करायच्या. पन्नाशीला टेकलेली, बुटकी, सुती कुडता घालणारी बाई. आवाज इतका हळू की समोरच्याला पंखा बंद करावा लागे.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "उलटं केलं तर?" रिक्षावाला म्हणाला, आठवडा बाजारावरून नेतो, की ह्या विचारणार, "उलटं केलं तर?" आमच्या शिपायाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, बाथरूमची कडी वर करून मग डावीकडे." थोड्या वेळाने आतून दार वाजायला लागलं. शिपाई धावला. "अहो, डावीकडे सांगितलं होतं ना तुम्हाला?" आतून शांत आवाज आला, "म्हणून उजवीकडे करून बघितली. कडी नापास." सुतार येऊन दार काढेपर्यंत त्या आतच होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं झालं असतं, नाना. बरं झालं मी होते."

मला सगळे नाना म्हणतात, त्याही म्हणायच्या.

दुसरी खोड म्हणजे कुठलीही गोष्ट एकटी घ्यायची नाही, दोन घेऊन ताडून बघायची. चहा दोन टपऱ्यांवरचा. पावसला जायची एसटी एकदा सकाळची, एकदा दुपारची. रात्रीच्या जेवणासाठी त्यांनी दोन खानावळी लावल्या होत्या, एक दिवस ही, एक दिवस ती. मी एकदा विचारलं, "मग, कुठली बरी?" त्या विचार करून म्हणाल्या, "डाळ दोन्हीकडे पातळच. पण एकीकडे वाढणारी विचारते, आज उशीर का झाला म्हणून." पुढे त्यांनी तीच ठेवली.

आता अ‍ॅपचं. दलालाला मधून काढायचं आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून थेट बागायतदाराची पेटी नोंदवायची, अशी कल्पना होती. अ‍ॅप पुण्याच्या एका छोट्या कंपनीने बनवलं. ते बाहेर जाण्याआधी आमच्याच बागायतदारांनी फोनवर वापरून बघावं, असा मॅडमचा आग्रह. पण कच्चं अ‍ॅप गावोगावच्या फोनांत घालायचं कसं? त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, फाइलची लिंक सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. दुसरी, फोनमधल्या अ‍ॅपच्या दुकानातूनच द्यायचं, पण फक्त नाव नोंदवलेल्यांना दिसेल असं. त्यासाठी प्रत्येकाचा ईमेल लागतो.

मी म्हटलं, "सोपी असेल ती करा."

"कोणाला सोपी, ते बघायला पाहिजे," म्हणाल्या, आणि पावसच्या मंडळींना लिंक पाठवून आतल्या गावांतल्या लोकांचे ईमेल गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पावसचे रघुनाथ साळवी फोन पंच्यात गुंडाळून एसटीने कार्यालयात हजर. लिंक दाबल्यावर फोनने सूचना दिली होती की ही फाइल धोकादायक असू शकते. साळव्यांनी फोन बंद करून रात्रभर पडवीत ठेवला होता.

"बाय, तू काय पाठवलंस ते? फोन बोलतो धोका हाय."

"फोन मला ओळखत नाही, काका, म्हणून बोलतो."

"मग ओळख करून दे की. आमच्यात नवीन माणूस आला तर आधी विचारतात कोणाचा कोण."

आतल्या गावांत दुसरीच तऱ्हा. एका बागायतदाराने सांगितलं, "ईमेल माझा पोराकडं ठाण्याला आहे. गणपतीला येईल तेव्हा घेऊन येईल." कार्यालयात आम्ही हसून लोळलो. मयेकर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोराला ठाण्याला फोन लावला, त्याच्याशी बराच वेळ बोलल्या आणि ईमेल घेऊनच फोन ठेवला. मग म्हणाल्या, "तो विचारत होता, बाबांचा खोकला कमी झाला का. उद्या जाईन तेव्हा विचारून त्याला कळवते."

अशा त्या बागा हिंडल्या. कातळावरून चालत, उन्हातान्हाचं, एसटी मिळेल तसं. कोणाच्या फोनात जागा नसायची, सुप्रभातचे फोटो भरलेले. ते कोणकोणते काढायचे हे त्या घरातल्या बाईला विचारून ठरवायच्या. शेवटी मला येऊन सांगितलं, "लिंक पहिल्या दिवशी बरी. पटकन पोचते. पण आपण चूक दुरुस्त केली की जुनं अ‍ॅप तसंच फोनात राहतं, आणि कोण कुठलं वापरतोय ते कळत नाही. दुकानाची वाट सुरुवातीला छळते, पण दुरुस्ती आपोआप सगळ्यांना जाते. आपल्याला पहिला दिवस नाही, पुढचे दिवस काढायचे आहेत." साळव्यांच्या बायकोने त्यांना घावणे खायला घातले होते आणि विचारलं होतं, "एकटीच राहतेस गो?" हेही मॅडमनी मला कामाच्या बोलण्यातच सांगितलं, जणू तोही चाचणीतला एक निष्कर्ष होता.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो. अ‍ॅपवर गर्दीचा भार कसा तपासतात ते दाखवायला त्यांनीच बोलावलं होतं. मांडवीचं लहानसं घर, बाहेर जाळी सुकत टाकलेली शेजाऱ्यांची. आत जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. टेबलभर फोन मांडलेले, जुने, काच तडकलेले, लोकांनी टाकून दिलेले. वेगवेगळ्या फोनांवर अ‍ॅप कसं चालतं ते बघायला ठेवले होते. सगळे चार्जरला लावलेले. मी खुर्चीत बसलो आणि त्यांनी लॅपटॉपवरून एक चाचणीचा निरोप पाठवला. टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजले, काही थरथरले, एक तर गाणं म्हणायला लागला.

"आई गेल्यावर घरात आवाज नव्हता," त्या म्हणाल्या. "दिवसातून एकदा पाठवते. काम असो नसो."

त्यांनी चहा ठेवला.

मग त्यांनी भाराचं सांगितलं. अ‍ॅपवर एकाच वेळी खूप लोक आले तर ते टिकतं का, हे बघायला खरी माणसं कुठून आणणार? म्हणून कॉम्प्युटरलाच हजारो गिऱ्हाइकांचं सोंग घ्यायला लावायचं. "आज माझ्याकडे पाच हजार माणसं येणार आहेत, नाना. चहा तेवढा तुमच्यापुरताच आहे," असं म्हणून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

इथेही त्यांनी दोन साधनं घेतली होती. एक जुनं, फुकट, पुष्कळ लोक वापरतात ते. पण ते सगळी सोंगं त्यांच्याच लॅपटॉपवर उभी करायचं, आणि गर्दी वाढवली की लॅपटॉप तापून बसायचा. "इथे माझाच जीव आधी जातो. मग कळत नाही, आपलं अ‍ॅप पडलं की मी पडले." दुसरं साधन हलकं, आणि दुसरीकडची भाड्याची मशीनं वापरणारं. त्याला खर्च होता, तो त्यांनी आमच्याकडे मागितला नाही. दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून त्यांनी खात्री केली की बसणारं मशीन त्यांचं नव्हे, आमच्या अ‍ॅपचं होतं.

त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. गिऱ्हाइकं हळूहळू आली की सगळं सुरळीत. एकदम आली की पेटी निवडता यायची, पैसे भरता यायचे, आणि तिथे चाक फिरत राहायचं. पैसे गेलेले, नोंद नाही. मग गिऱ्हाईक घाबरून पुन्हा दाबतं, आणि गर्दी दुप्पट होते.

"पुण्याच्या कंपनीला महिना लागेल दुरुस्तीला," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ नसेल तर एकदम उघडू नका. सकाळी मुंबईला उघडा, दुपारी पुण्याला, संध्याकाळी बाकीच्यांना. निभेल."

पण आमचा मुहूर्त ठरला होता. गुढीपाडव्याला, सकाळी, पाहुण्यांच्या हस्ते. पाहुणे मोठे होते, त्यांची वेळ मिळवायला मी दोन महिने खेटे घातले होते. त्या वेळेला सगळ्यांनी फोन हातात घेऊन तयार राहावं, असे निरोप मुंबई-पुण्याच्या हजारो गिऱ्हाइकांना गेले होते. माझी अध्यक्षपदाची ती शेवटची टर्म. भटजींनीही ती वेळ उत्तम म्हणून सांगितली होती.

मयेकर मॅडम म्हणाल्या, "नाना, पाडव्याला तर अख्खा दिवस मुहूर्त असतो ना?"

साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्याला वेगळी घटका लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. घटका पाहुण्यांची होती. मी म्हटलं, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंत, पुरे झालं. मंडळाच्या सभेत काढू नका. लोक बिथरतील. मी बघतो काय करायचं ते."

"बघाल?"

"बघतो म्हटलं ना."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "आमच्या कामात असं आहे, नाना. ज्याने काम दिलं त्याला स्पष्ट सांगायचं, एकदा. पुढे उघडायचं की नाही, ते त्याने ठरवायचं. तपासणाऱ्याने गावभर ओरडत फिरायचं नाही. तुम्ही बघतो म्हणालात, माझं काम झालं."

मी काही बघितलं नाही. कंपनीला फोनसुद्धा केला नाही. मला वाटलं, एवढी कुठली गर्दी होते. आंबाच तो, लोक आरामात घेतील.

पाडव्याला मंडप होता, मोठा पडदा होता. नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर चाक फिरायला लागलं. पाहुणे थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग त्यांना पुढचा कार्यक्रम होता. संध्याकाळपर्यंत फोनांवर फोन. पैसे गेले, पेटी नाही. परतफेडीत आठवडे गेले. बागायतदारांनी त्या भरवशावर पहिला आंबा उतरवून ठेवला होता. तो पिकायला लागला आणि शेवटी वाशीच्या त्याच दलालांकडे, ते म्हणतील त्या भावाने गेला. साळव्यांचा पहिल्या बहराचा सगळा आंबा त्यात होता.

चार दिवसांनी खास सभा झाली. ओरडाआरडा झाला. मग साळवीच उठले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मला एवढंच सांगा, ह्या वस्तूची आधी तपासणी कोणी केलीन होती की नाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मयेकर मॅडम मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसल्या होत्या.

मी म्हणालो, "तपासणी मयेकर मॅडमकडे होती."

वाक्य खोटं नव्हतं. मी ते तिथेच थांबवलं, एवढंच. आणि माना मागे वळल्या. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मी पुढचं वाक्य बोलण्याची त्या वाट बघत होत्या, जशी फोनवर एखादं पान उघडायची वाट बघतो तशी. मी पाण्याचा ग्लास उचलला. मग त्या उभ्या राहिल्या.

"हो, माझ्याकडे होती," म्हणाल्या. आवाज इतका हळू की कोणीतरी ओरडलं, "जोरात बोला, ऐकू येत नाय." त्यांनी तेच वाक्य थोडं मोठ्याने म्हटलं आणि बसल्या.

त्यांनी सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? पाहुण्यांसमोर पत गेली असती, पुढच्या निवडणुकीत माझं पॅनेल पडलं असतं. त्यांचं मात्र सगळंच गेलं. गणपतीपुळ्याचे घरगुती निवासवाले त्यांच्याकडून अ‍ॅप तपासून घेणार होते, त्यांनी नको म्हणून कळवलं. इतरांनी कळवलंही नाही. रत्नागिरीतच राहून काम करायचं, हे त्यांनी एकदा मला मोठ्या आशेने सांगितलं होतं. मुंबईत कोणी आहे का विचारलं तर म्हणाल्या होत्या, "मुंबईत सगळे आहेत, ओळखीचं कोणी नाही. इथे निदान कोणाच्या बाबांचा खोकला मला माहीत आहे." त्यानंतर त्या पावसला गेल्याचं ऐकलं नाही. साळव्यांच्या बायकोने एकदा बाजारात त्यांना बघून रस्ता ओलांडला, हे मी स्वतः पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. त्या भाजीवालीशी बोलत राहिल्या, दोन जुड्या हातात धरून.

पुढे दापोलीला एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं म्हणून त्या तिकडे राहायला गेल्या. कार्यालयात त्याचाही विनोद झाला. मी अध्यक्ष असेपर्यंत 'मयेकर' हा शब्द चांगला रुळला होता. मी तो स्वतः वापरला नाही एवढंच म्हणू शकतो, आणि तेही आता टाळी दिल्यावर म्हणण्यात अर्थ नाही.

तर जे लिहायचं होतं ते हे. अ‍ॅप पडणार हे वैजयंती मयेकर यांनी शोधून काढलं होतं. कसं पडेल, कधी पडेल आणि ते टाळायचं कसं, हे त्यांनी पाडव्याच्या आधी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. गप्प राहायला मी सांगितलं. हे मी पुढच्या सभेत उभा राहून वाचून दाखवणार आहे. साळव्यांकडे त्याआधी जाईन.

त्या शेवटच्या मला दिसल्या मागच्या वर्षी. दापोलीच्या कृषी विद्यापीठात माझी नात शिकायला होती, तिला भेटायला निघालो होतो. रत्नागिरीच्या स्टँडवर गाडीत चढलो, दारातच कंडक्टरकडून तिकीट काढलं आणि जागा शोधत आत गेलो. मधल्या एका बाकावर खिडकीशी मयेकर मॅडम बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. आई-वडिलांच्या घराचं काही काम असेल, म्हणून आल्या असाव्यात. शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी होती. मला बघून त्यांनी ती उचलली आणि मांडीवर घेतली.

"बसा, नाना."

दापोली म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास. तेवढा वेळ त्यांच्या शेजारी. मी म्हणालो, "नको, हातखंब्यालाच उतरायचंय. उभा राहतो."

कंडक्टर मागेच होता. "अहो आजोबा, आत्ता दापोली काढलंत ना माझ्याकडून? हातखंबा काय मधेच?"

गाडीतले दोघेतिघे वळून बघायला लागले. माझ्या हातात तिकीट होतं.

मयेकर मॅडम कंडक्टरला म्हणाल्या, "त्यांचं हातखंब्याला काम आहे. ते करून मागच्या गाडीने येतील दापोलीला." आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "पुढच्या दांडीला धरा, नाना. वळणं आहेत."

अर्ध्या तासातच हातखंबा आलं आणि मी उतरलो. ऊन होतं. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. खिडकीतून त्या दिसल्या, समोर बघत बसलेल्या. पिशवी त्यांनी अजून मांडीवरच धरली होती, शेजारची जागा मोकळी होती.